पाटी बदलली म्हणून चेसिस नंबर बदलत नाही

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. मी टू-व्हीलरपासूनच सुरू करतो, पुण्यात ती सगळ्यांनाच कळते. एका गाडीची एमएच बाराची पाटी काढून दुसरीला लावली तर आरसी बुक तिच्या नावावर होतं का? नाही, ते चेसिस नंबर बघतं. राउटरचं, म्हणजे नेटवर्क जोडणाऱ्या पेटीचं, तेच, होस्टनेम (तिचं नाव) आणि आयपी (तिचा पत्ता) म्हणजे पाटी, आणि राउटर बनवणारे सिस्कोवाले ज्याला यूडीआय म्हणतात, म्हणजे प्रॉडक्ट आयडी, व्हर्जन आणि सिरियल नंबर, तो चेसिस नंबर. लायसन्सचा हिशोब या चेसिस नंबरावर.

हे मला चाकणला कळलं, जरा उशिरा. एका कारखान्यात वीज पडून सिस्कोचा 4331 राउटर गेला, स्पेअर त्याच मॉडेलचा होता, मी रात्री बॅकअपमधला कॉन्फिग, म्हणजे जुन्या पेटीच्या सेटिंग्ज, पेस्ट केला, पिंग आला, म्हणजे पेटी बोलायला लागली, घरी जाऊन झोपलो. सकाळी फोन, नेट रडतंय. लिंक 200 एमबीपीएसची आणि मिळतंय शंभरच्या आतबाहेर, मी दोन तास लिंकवाल्याशी भांडलो, बिचारा लाइन टेस्ट करून करून दमला. मग राउटरवर 'शो प्लॅटफॉर्म हार्डवेअर थ्रूपुट लेव्हल' ही कमांड मारली, उत्तर 100000 केबीपीएस, म्हणजे 100 एमबीपीएस. 4331 मुळात 100 लाच बांधलेला असतो, परफॉर्मन्स लायसन्स घेतलं की 300. आमचं लायसन्स मेलेल्या पेटीच्या सिरियलवर, स्पेअरवर काहीच नाही. चूक सगळी माझी, लिंकवाल्याला नंतर सॉरी म्हटलं.

आता हा सिरियल वाचायचा कसा, यात मजा आहे. सिस्कोच्या अकरा अक्षरी सिरियलमध्ये पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढचे दोन आकडे वर्षाचे, त्यात 1996 मिळवायचे, त्यापुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे 2140 असेल तर 2017 चा चाळिसावा आठवडा. सेकंडहँड माल घेताना 'नवाच आहे हो' म्हणणाऱ्याला हे विचारून बघा.

पूर्वी लायसन्ससाठी पॅक नावाची चावी मिळायची, ती यूडीआयला जोडून फाइल घ्यायची, पेटी बदलली की सिस्कोच्या पोर्टलवर जाऊन रीहोस्ट, म्हणजे लायसन्स नव्या पेटीवर हलवायचं. मग स्मार्ट लायसन्सिंग आलं, टोकन टाकून रजिस्टर करा, नाहीतर 90 दिवस इव्हॅल्युएशन, म्हणजे नुसती चाचणी. राउटरचं सॉफ्टवेअर आयओएस एक्सई, त्याच्या 17.3.2 पासून तेही गेलं, आता वाण्याकडच्या वहीसारखं आहे, आधी वापरा, रिपोर्ट नंतर पाठवा. सोपं झालं म्हणून लोक ढिले पडतात, आणि भंगारात गेलेली पेटी सिस्कोकडच्या तुमच्या खात्याच्या यादीत तशीच बसून राहते, ती हाताने काढावी लागते.

दुसऱ्या कंपनीचे राउटर वापरणारे मायक्रोटिकवाले हसताय ना, तुमचं लायसन्स डिस्कला चिकटलेलं असतं, भलत्याच टूलने फॉरमॅट मारलात की गेलं. आणि सीएचआर, म्हणजे त्यांचा व्हर्च्युअल मशीनवर चालणारा राउटर, फुकट चालवला तर प्रत्येक इंटरफेसला 1 एमबीपीएस, तेवढ्यात व्हॉट्सअॅपचा डीपी उघडेल.

प्रश्न आलाय, एक्सेलमध्ये सिरियल स्टिकर बघून लिहिला तर चालेल का. नको. खोक्यावरचा तर अजिबात नको, खोकी अदलाबदल होतात आणि स्टिकरवरचा शून्य की ओ हे रॅकमागे वाकून मोबाइलच्या टॉर्चमध्ये कुणालाही कळत नाही. 'शो लायसन्स यूडीआय' मारा, जे येईल ते कॉपी-पेस्ट करा, स्पेअरचंसुद्धा, तो कपाटात ठेवायच्या आधी.