मीठ, बांगडा आणि निळी शाई

बांगडा ताजा आहे की नाही, हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर कोणाला शिकवावे लागत नाही. कल्ला उचलून त्याचा लाल रंग पाहिला जातो, बोटाने दाबलेले मांस लगेच वर येते का हे तपासले जाते, आणि लिलावाच्या गडबडीतही ही पारख बहुधा चुकत नाही.

मात्र एक पदार्थ या पारखेच्या बाहेर राहतो. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल मुबलक असते. पकडलेला मासा वेळेवर बर्फात गेला नाही, तर जिवाणू त्यापासून हिस्टामीन तयार करतात, आणि मासा दिसायला व वासाला चांगला असतानाच त्याचे प्रमाण वाढलेले असू शकते. असा मासा खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते. एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजवल्याने जात नाही आणि नंतर घातलेल्या बर्फानेही कमी होत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या संग्रहात त्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. पण ते मोजण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि अहवाल येईपर्यंत मासा कोणाच्या तरी ताटात गेलेला असतो.

या माहितीपटातील संशोधक याच किनाऱ्यावर वाढल्या. हिस्टामीन बंदरावरच मोजता यावे, असा त्यांचा प्रयत्न आहे. त्यांच्या टेबलावरील बाटलीत गडद निळी शाई दिसते. ती पेडॉट-पीएसएस या वीजवाहक पॉलिमरची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या प्लास्टिकची आहे. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, असे आपण शाळेत शिकलो. १९७७ साली हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या पॉलिमरच्या पापुद्र्यावर आयोडीनची प्रक्रिया केली, तेव्हा त्याची वीजवहनक्षमता कोट्यवधी पटींनी वाढली. या शोधासाठी तिघांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निळ्या शाईचा केसापेक्षा शेकडो पट पातळ थर दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये पसरला, त्यावर खारट द्रवाचा थेंब ठेवला आणि त्या थेंबात प्लॅटिनमचा तिसरा इलेक्ट्रोड बुडवला, की एक ट्रान्झिस्टर, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणारा घटक, तयार होतो. प्लॅटिनमवर डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बसवलेले असते. ते हिस्टामीनचे विघटन करते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते, आणि प्लॅटिनमवर त्याची अभिक्रिया होताच द्रवातील धन आयन निळ्या थरात अधिक शिरून त्यातील प्रवाह घटवतात. या सगळ्याला एक व्होल्टपेक्षाही कमी दाब पुरतो, म्हणजे साध्या बॅटरीवर काम भागते.

येथे मिठाविषयी थोडे थांबून सांगायला हवे. रेणू पृष्ठभागावर बसून केवळ आपल्या विद्युतभाराने खालचा प्रवाह बदलतो, अशा संवेदकांना खारट द्रव अडचणीचा ठरतो. कारण आयनांचा गराडा तो भार सुमारे एका नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकतो आणि प्रथिनाचा रेणू तर त्याहून मोठा असतो. निळ्या थराचे कार्य मात्र आयन आत शिरण्यावरच चालते. समुद्रातून आलेला नमुना तपासायचा असताना ही निवड मला अत्यंत योग्य वाटते.

तरीही अडचणी उरतात. हेच विकर मासा कुजताना तयार होणाऱ्या पुट्रेसिन आणि कॅडॅव्हरिन या पदार्थांवरही क्रिया करते, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. खाणाऱ्याच्या दृष्टीने ही चूक सुरक्षित बाजूची असली, तरी चांगला माल नाकारला गेला तर कोळिणीचा दिवस बुडतो, म्हणून ती क्षम्य मानता येत नाही. शिवाय विकर उष्म्याने निकामी होते, आणि पावसाळ्यातील दमट हवेत निळा थर फुगून त्याचा प्रवाह आपोआप सरकत राहतो.

हे सरकणे वजा करण्यासाठी संशोधक संवेदकाच्या प्रत्येक पट्टीवर निळा थर आणि इलेक्ट्रोड यांची, विकर नसलेली दुसरी जोडी छापतात. विकराऐवजी हिस्टामीनच्या रेणूभोवती पॉलिमर घडवून नंतर तो रेणू धुऊन काढण्याची पद्धतही त्या पडताळत आहेत. मोदकाच्या साच्याप्रमाणे मागे राहिलेल्या पोकळीत तोच आकार पुन्हा बसावा, अशी त्यामागची कल्पना आहे. आजच्या चाचणीसाठी दोन बांगडे आणले आहेत. एक होडीवरच बर्फात ठेवलेला होता, दुसरा सहा तास टोपलीत उघडा राहिला. दोघांचे कल्ले अजून लालच दिसतात.