कंपनीची फाईल, विश्वस्ताचा बचाव

मंडळी, अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या बँकेचं दप्तर अभिलेखागारात येतं, तेव्हा त्यात ट्रस्ट विभागाच्या, म्हणजे लोकांनी वारसांसाठी ठेवलेला पैसा सांभाळणाऱ्या विभागाच्या, खोक्यांची लांबलचक रांग असते. प्रत्येक फायलीवर एका कंपनीचं नाव. आत वार्षिक अहवाल, नव्या भागविक्रीची माहितीपत्रकं, भागधारकांच्या सभेच्या नोटिसा, दलालांचे अहवाल, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि मधूनच बँकेच्या विश्लेषकाचं टाइप केलेलं टिपण. अभ्यासक रेल्वेची किंवा पोलाद कंपनीची फाईल मागवतो आणि कंपनीचा इतिहास म्हणून वाचायला बसतो. वाट चुकते ती तिथेच. ही फाईल कंपनीनं ठेवलेली नाही, कंपनीसाठीही ठेवलेली नाही. उद्या वारसांनी कोर्टात खेचलं, तर ‘हे शेअर का घेतले आणि का धरून ठेवले’ याचं उत्तर हाताशी असावं, म्हणून विश्वस्तानं, म्हणजे बँकेनं, जमवलेला तो पुरावा आहे.

याचं मूळ १८३० सालच्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका खटल्यात आहे. जॉन मॅक्लीन नावाच्या गृहस्थानं ५०,००० डॉलर विश्वस्तांच्या हाती सोपवले होते. पत्नीच्या हयातीत उत्पन्न तिला, तिच्यामागे मुद्दल निम्मं हार्वर्ड कॉलेजला आणि निम्मं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला. विश्वस्तांनी कापड गिरण्यांचे आणि विमा कंपन्यांचे शेअर घेतले, भाव पडले, मुद्दल घटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. न्यायमूर्ती सॅम्युएल पुटनम यांनी विश्वस्तांना सोडलं. पैसा कुठेही ठेवा, जोखीम राहतेच. प्रश्न एवढाच, की विवेकी, समजूतदार माणूस स्वतःचा पैसा ज्या काळजीनं सांभाळतो तशी काळजी घेतली होती का? आता ‘काळजी घेतली’ हे वीस वर्षांनी सिद्ध कसं करणार? कागद दाखवून.

न्यूयॉर्क मात्र दुसऱ्या वाटेनं गेलं. १८६९च्या किंग विरुद्ध टॅलबट निकालानं तिथल्या विश्वस्तांना शेअर जवळजवळ वर्ज्य केले आणि कायद्यानं मान्य केलेल्या रोख्यांची यादी चालू राहिली. १९५० साली निधीच्या ३५ टक्क्यांपर्यंत यादीबाहेर जायला मुभा मिळाली, १९७० साली बंधन पुरतं गेलं. म्हणून न्यूयॉर्कच्या फायलीत १९५०पूर्वी साध्या शेअरवर फारसं टिपण नसेल, तर तो बँकेचा आळस समजू नका. (आपल्याकडे भारतीय विश्वस्त कायदा, १८८२ याचं मूळ कलम २० अशाच यादीच्या वळणाचं होतं.) थोडक्यात, खोकं उघडण्याआधी बँक कोणत्या राज्यातली, ते पाहा.

याचा सर्वांत सुरेख दाखला पेनसिल्व्हेनियात मिळतो. ट्रस्टमध्ये दोन पक्ष असतात: उत्पन्न खाणारा आणि पुढे मुद्दल मिळणारा. कंपनीनं बोनस शेअर दिले तर ते कुणाचे? मॅसॅच्युसेट्सनं १८६८ साली सोपं उत्तर दिलं: रोख लाभांश हे उत्पन्न, बोनस शेअर हे मुद्दल. पेनसिल्व्हेनियानं त्याआधीच, १८५७च्या अर्प प्रकरणात, अवघड रस्ता धरला होता. तिथे लीहाय क्रेन आयर्न कंपनीचे ५४० शेअर होते, मालकाच्या मृत्यूसमयी दर १२५ डॉलर, म्हणजे ६७,५०० डॉलर. पुढे कंपनीनं नफ्यातून नवे शेअर काढले, ५४०चे १,३५० झाले, दर ८० डॉलर, एकूण १,०८,०००. कोर्टानं ६७,५०० मुद्दलात राखले आणि वरचे ४०,५०० उत्पन्नात टाकले. मृत्यूपूर्वी साठलेला नफा मुद्दलाचा, नंतरचा उत्पन्नाचा.

हे आकडे फायलीसमोर ठेवून बघा. असा हिशेब करायचा तर मृत्यूच्या तारखेजवळचा ताळेबंद हवा आणि बोनसच्या तारखेजवळचाही. दर शेअरमागे गंगाजळी किती होती, हे दोन्ही ठिकाणी काढावं लागतं. म्हणून फिलाडेल्फियाच्या एखाद्या फायलीत ताळेबंदाच्या समासात पेन्सिलीनं केलेले भागाकार दिसले, तर ते गुंतवणुकीचं विश्लेषण असेलच असं नाही. विधवा आणि नातू यांच्यातल्या वाटणीचं गणितही असू शकतं. माझ्या मते या फायलीतला सर्वांत कमी वाचला जाणारा भाग हाच.

राष्ट्रीय बँकांना (म्हणजे केंद्र सरकारचा परवाना असलेल्या खासगी बँकांना) ट्रस्टचं काम करता येऊ लागलं ते १९१३च्या फेडरल रिझर्व्ह कायद्यानं. त्यावरची देखरेख १९६२ साली कंट्रोलर ऑफ द करन्सी या बँकांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्याकडे गेली. त्याच्या नियमानुसार प्रत्येक खात्यातल्या मालमत्तेचा वर्षातून एकदा आढावा घ्यावा लागे आणि दोन आढाव्यांत १५ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नसे. कंपनीच्या टिपणांना जो ठरावीक ताल दिसतो, त्यामागे असं घड्याळ असतं. कंपनीत काही घडलं म्हणून दर वेळी टिपण लिहिलेलं नसतं. तारीख आली म्हणूनही लिहिलेलं असतं. तारखेखेरीज मध्येच आलेलं टिपण दिसलं, तर मात्र थांबून नीट वाचा.

फाईल एकटी वाचू नये. तिच्यासोबत आणखी दोन गोष्टी मागवाव्यात: ट्रस्ट गुंतवणूक समितीची इतिवृत्तं आणि खात्यांच्या वह्या. टिपणात ‘विकावे’, समितीत ‘धरून ठेवावे’ आणि वहीत अर्धेच विकलेले, असं आढळतं. मृत्युपत्रातच ‘हे शेअर विकू नयेत’ असं कलम असेल, तर विश्लेषकाचं मत कितीही खरं असो, बँकेचे हात बांधलेले.

आता आकडे कुठे फसवतात ते. वहीतल्या ‘मूल्य’ या रकान्याला बाजारभाव समजू नका. तो बहुधा मालमत्ता बँकेच्या ताब्यात आली त्या दिवसाचा आकडा असतो आणि वर्षानुवर्षं तसाच पुढे ओढला जातो. दुसरं, भाव अपूर्णांकात. २००१पर्यंत न्यूयॉर्कच्या बाजारात पूर्ण दशांश पद्धत नव्हती, जुने भाव अष्टमांशात. ४७ आणि तीन अष्टमांश म्हणजे ४७.३७५. स्कॅन केलेल्या पानावरून यंत्र अक्षरं ओळखतं तेव्हा त्याचा सर्रास ४७३ होतो. म्हणून भावाचा रकाना हातानं तपासल्याशिवाय तक्त्यात घेऊ नये. तिसरं, शेअर विभाजन. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफचा दर शेअरमागे ९ डॉलर लाभांश महामंदीतही टिकला आणि पन्नासच्या दशकाअखेर चालू होता. १९५९ साली एका शेअरचे तीन झाले. त्यानंतरचा आकडा उघडा वाचलात, तर कंपनीनं विधवांच्या तोंडचा घास काढला असं वाटेल. तसं काही झालेलं नाही.

नावांचाही घोळ असतो. कंपनीचं नाव बदललं की कारकून जुने कागद नव्या फायलीत सरकवत. स्टँडर्ड ऑइल (न्यू जर्सी) एक्सॉनखाली शोधा, कारण १९७२ साली नाव बदललं. कम्प्युटिंग-टॅब्युलेटिंग-रेकॉर्डिंग कंपनी १९२४पासून आयबीएम. आणि भागधारकांच्या नोंदवहीत बँकेचं नाव सापडलं नाही म्हणून गुंतवणूक नव्हती असं ठरवू नका. सही-हस्तांतराचा व्याप टाळायला बँका शेअर एखाद्या कागदी भागीदारीच्या नावावर ठेवत. चेस मॅनहॅटनचं असं नाव होतं कड अँड कंपनी.

१९६८ साली काँग्रेस सदस्य राइट पॅटमन यांच्या उपसमितीनं ४९ बँकांच्या ट्रस्ट विभागांची माहिती प्रसिद्ध केली. मुद्दा असा: एकाच कंपनीचे शेअर बँकेकडे, तिलाच बँकेचं कर्ज आणि तिच्याच संचालक मंडळावर बँकेचा माणूस. त्याआधी, नोव्हेंबर १९६३मध्ये, टेक्सस गल्फ सल्फरला कॅनडात टिमिन्सजवळ मोठा खनिजसाठा लागला आणि एप्रिल १९६४मध्ये तो जाहीर झाला. कंपनीचे संचालक टॉमस लॅमाँट हे मॉर्गन गॅरंटी बँकेचेही संचालक. बातमी जाहीर होत असतानाच त्यांनी बँकेतल्या सहकाऱ्याशी फोनवर बोलणं केलं आणि ट्रस्ट विभागानं काही ग्राहकांसाठी शेअर घेतले. कोर्टानं लॅमाँट यांना दोषी धरलं नाही, पण बँकांनी कर्ज विभाग आणि ट्रस्ट विभाग यांच्यात भिंती बांधायला घेतल्या. म्हणून सत्तरच्या दशकातल्या ट्रस्ट फायलीत कर्ज विभागाचा कागद निघाला, तर त्याची तारीख आणि कुणाच्या आद्याक्षरांनी तो फिरला, हे आधी टिपून घ्या.

हाताळणीचं थोडक्यात. थर्मोफॅक्सच्या (उष्णतेवर चालणाऱ्या जुन्या नक्कलयंत्राच्या) प्रती उष्णतेनं काळ्या पडतात, त्यांचे फोटो सर्वांत आधी काढावेत आणि त्या फ्लॅटबेड स्कॅनरच्या गरम काचेवर फार वेळ ठेवू नयेत. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी. त्याचा डाग शेजारच्या अहवालावर उमटतो. कात्रणाची प्रत आम्लरहित कागदावर काढावी, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात घालावं. गंजलेल्या पिना ओढू नयेत. पातळ पट्टी खाली सरकवून पाय उघडावेत. पण पिनेनं जोडलेले कागद एकत्र होते, ही नोंद आधी करावी. कोणतं कात्रण कोणत्या टिपणाला लावलं होतं, हेच तर विश्वस्तानं काय पाहून ठरवलं याचं उत्तर.

छापील अहवालांच्या दुसऱ्या प्रती मिळतात. हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात मोठा साठा आहे, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून कंपन्यांची विवरणपत्रं सरकारी एडगर प्रणालीत आहेत. तेव्हा जागा कमी पडून काही काढायचंच झालं, तर कोरे, खुणा नसलेले अहवाल काढा. समासात एक रेघ जरी पेन्सिलीची असेल, तरी तो अहवाल ठेवा.