जमीन कुणाची होती?

मंडळी, मुळशीचा सत्याग्रह, म्हणजे टाटांच्या धरणाविरुद्ध पुण्याजवळच्या शेतकऱ्यांनी दिलेला लढा म्हटलं की आपण थेट सेनापती बापटांवर येतो. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली, त्यामुळे त्यात गैर काही नाही. पण आज मला सेनापतींपेक्षा सातबाऱ्याबद्दल बोलायचंय.

आधी धरण कशासाठी, ते पाहू. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या. टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज करून दाखवली आणि मग सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एकेका खोऱ्यावर नजर गेली. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ बांध घालायचा, पाणी बोगद्यानं घाटाखाली भिऱ्याला सोडायचं, अशी योजना. गंमत बघा, मुळा ही पूर्वेची नदी. तिचं पाणी भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. ते उलटं वळवून कोकणात उतरवलं. आज कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करताना जे पाणी अंगावर उडतं ना, त्यात हे मुळशीचंही पाणी असतं!

पाण्याखाली जाणार होती भाताची खाचरं. आंबेमोहर पिकवणारी, पिढ्यान्पिढ्या बांध घालून केलेली. त्यांची किंमत रुपयांत कशी करायची? १८९४चा भूसंपादन कायदा मात्र करायचा. खासगी कंपनीसाठी सरकारनं जमीन घ्यायची आणि त्याला सार्वजनिक काम म्हणायचं, ही सोय त्यात होतीच.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मावळे, म्हणजे इथले मावळातले शेतकरी, बायकापोरांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबलं. तेव्हा लोकांना वाटलं, जिंकलो. काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झालं.

आता सातबारा. अर्थात तेव्हाच्या कागदाला काय म्हणत, यात शिरत नाही. कसणारा मावळा, पण पुष्कळ जमिनी कर्जापायी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेल्या. मोबदला कुणाला? ज्याचं नाव कागदावर त्याला. म्हणजे सावकाराच्या दृष्टीनं वसूल न होणारं कर्ज रोख रकमेत फिटत होतं. दर चांगला मिळाला तर त्याला लढायचं कारणच उरत नव्हतं. कुळाचं तसं नव्हतं. त्याचा कागदावर हक्क नाही, खाचर गेलं की सगळंच गेलं. लढ्याच्या सभा पुण्यात भरत होत्या, त्याच पुण्यात हे सावकारही राहत होते. आपण पुणेकर हे सांगताना जरा आवाज खाली आणतो.

मग फूट पडली. भाव वाढवून घ्या म्हणणारे एकीकडे, जमीनच द्यायची नाही म्हणणारे दुसरीकडे. बापट दुसऱ्या बाजूला, लढ्याचे पुढारी विनायकराव भुस्कुटेही. बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी त्यांनी धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा झाली. अहिंसेच्या व्याख्येवरून वाद व्हायचा तोही झाला. १९२४पर्यंत लढा संपला होता. १९२७मध्ये भिऱ्याला वीज सुरू झाली.

विस्थापितांसाठी पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं केला तो १९७६ साली. मुळशीच्या रामनवमीला तोवर पंचावन्न वर्षं झाली होती. धरणाच्या काठावरच्या डोंगरावर सरकलेल्या कुटुंबांची नातवंडं तोवर संसाराला लागली होती.

आता दुष्काळ पडला की मुळशीचं पाणी भीमा खोऱ्याला परत द्या, अशी मागणी होते. ती रास्तच आहे. पण त्या सभांमध्ये खाचर बुडालेल्या कुळांचा विषय निघाला तर मला कळवा, मी ऐकायला येईन.