अकरा सुया

(दृश्य: लाकडी जिना, वर चढणारे पाय, हातात कापडी पिशव्या)

हे सोलापूर, पूर्व भाग. खाली यंत्रमाग आहेत चार, आज बंद. एरवी इथं दोघांना बोलायचं तर एकानं दुसऱ्याच्या कानाला तोंड लावावं लागतं, त्यामुळं गाणी ऐकायची ती माग बंद असतात त्या सुट्टीलाच, दुपारी चारनंतर, वरच्या माळ्यावर. येणारे दहाबारा जण. प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी जड आहे आणि ते पिशवी भिंतीला लागू नये म्हणून कसे वाकडे वाकडे चढतायत ते बघा.

(दृश्य: सोलापुरी चादरीची गुंडाळी उलगडते. आत काळ्या तबकड्या)

चादरीत गुंडाळून रेकॉर्ड आणायची ही पद्धत काकांची. काका म्हणजे ज्यांचा हा माळा, नाव नको म्हणाले. जन्म गेला जेकार्डच्या पुठ्ठ्यांवर भोकं पाडण्यात. चादरीवरचा मोर, वेलबुट्टी जे काही दिसतं ते आधी ग्राफ पेपरवर, मग पुठ्ठ्याच्या कार्डावर, जिथं भोक तिथला धागा उचलला जाणार. काका म्हणतात, "आमच्या पुठ्ठ्यात मोर आहे अन् ह्या प्लेटमध्ये बाई गातीया, दोन्ही नुसतं बघून कळत नाही, चालवावं लागतं." (हो, प्लेटच म्हणतात इथं. तबकडी, ध्वनिमुद्रिका हे आमच्यासारखे निवेदनवाले.)

(दृश्य: हातावर तोललेली रेकॉर्ड, कडेवर उजेड)

ही 78 ची रेकॉर्ड. मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला साधारण तीन मिनिटं, म्हणजे एका गाण्याला सव्वादोनशेच्या वर गिरक्या. आणि हे प्लास्टिक नाही, ही लाख. बांगड्यांची लाख असते ना तीच, पळस-बोरीच्या फांद्यांवरच्या किड्यापासून मिळणारी, तिच्यात दगडाची पूड, काजळी असं मिसळून दाबलेली. हातातून निसटली की संपलं, काचेसारखे तुकडे. आणि पुसायची तर स्पिरिट, सेंट, सॅनिटायझर काही लावायचं नाही कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, एका उत्साही पुतण्यानं लॉकडाऊनमध्ये चकाचक करून दाखवली होती, ती रेकॉर्ड आता गुळगुळीत आहे, गाणं नाही. मऊ ब्रश, किंचित साबणाचं पाणी, मधलं लेबल कोरडं ठेवून, रेषांच्या दिशेनं गोल गोल. बघा हात कसा फिरतोय. हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय.

(दृश्य: फोनोची चावी, बारा-तेरा वेळा)

चावीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन. आत स्प्रिंग, आणि वेग धरून ठेवायला तीन छोटी वजनं फिरतात त्याला गव्हर्नर म्हणतात. वीज कुठंच नाही. सुईची थरथर साउंडबॉक्समधल्या पातळ पडद्याला, पडद्याची हवेला, अन् हवा भोंग्यातून बाहेर, इतकंच. गंमत अशी की रेकॉर्डमधली ती दगडाची पूड सुईला घासते, पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक खाचेच्या मापाचं होतं आणि गाणं संपेपर्यंत झिजून जातं, म्हणून एका बाजूला एक सुई, नियम म्हणजे नियम. झिजलेली सुई परत लावली तर ती आता रेकॉर्ड खायला लागते. चौकात, हॉटेलात शोभेला पितळी कर्णे ठेवतात आणि त्यावर गंजलेल्या सुईनं चक्क एलपी लावतात, हे बघून काकांचा जीव कसनुसा होतो, आमचाही व्हायला लागलाय आता. एलपी व्हिनाइलची, तिची खाच बारीक, त्यावर हा लोखंडी भार म्हणजे नांगरच.

(दृश्य: सगळे मांडी घालून. मधोमध शेंगाची चटणी, कडक भाकरी)

बैठकीची रीत अशी की जो लावणार त्यानं आधी सांगायचं, ही प्लेट आली कुठून. गाणं कोणाचं, राग कोणता हे नंतर. भंगारवाल्याकडून, सासऱ्यांच्या ट्रंकेतून, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत जुन्या वस्तूंच्या पथारीवरून. आणि बाजू वाजत असताना बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही, भाकरी मोडायची नाही. कडक भाकरी, आवाज होतो.

मोबाइलवर हीच गाणी मिळतात की, असं आम्हीही विचारलं. मिळतात. काका म्हणाले, "फॉरवर्ड केलेलं गाणं कोण पूर्ण ऐकतंय सांगा, अंगठा दाखवून मोकळे." इथं तीन मिनिटं बारा माणसं एकाच गाण्यात अडकून असतात. ते चेहरे आता येतायत, आम्ही गप्प बसतो.

(दृश्य: चेहरे. निवेदन नाही. गाण्याचा मूळ आवाज, 40 सेकंद)

आता ज्यांनी लावलं ते अण्णा, घरी तेलुगू, गाणंही तेलुगूच, 1957 च्या मायाबझारमधलं नावेतलं, घंटसाला आणि पी. लीला. बसलेल्यांपैकी निम्म्यांना शब्द कळत नाहीत आणि कुणाचं काही अडत नाही, सोलापुरात तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी एकाच गल्लीत भांडतात, तर एकाच फोनोवर का नाही वाजणार. त्यानंतर कुणीतरी नाट्यपद काढलं. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत जे पद लांबत जायचं ते रेकॉर्डला तीन मिनिटांत कोंबावं लागायचं, ते ऐकताना गायकाची घाई ऐकू येते, आणि 1925 च्या आधीची असेल तर माइकही नाही, कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, वाद्यं मागं सरकवून. आपल्याकडं तबकडीसाठी पहिलं रेकॉर्डिंग 1902 ला कलकत्त्यात झालं, गायिका गौहर जान शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या, रेकॉर्ड छापणाऱ्यांना कळावं कोण गायलं म्हणून. ही गोष्ट इथं दर दोन बैठकींमागं कोणीतरी सांगतंच आणि बाकीचे नव्यानं ऐकतात.

एक मावशी येतात. गीतरामायण रेडिओवर सुरू झालं, 1 एप्रिल 1955, तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. आठवड्याला एक असं वर्षभर, 56 गाणी, आणि गल्लीत रेडिओ एकच. त्या कॅमेऱ्यासमोर बोलल्या नाहीत म्हणून एवढंच.

(दृश्य: अर्धं पाडलेलं घर, पोती)

मागच्या वर्षी शेजारच्या गल्लीतल्या एका घरातून दोन पोती रेकॉर्डी किलोवर गेल्या, कळलं तेव्हा भंगाराची गाडी निघून गेली होती.

(दृश्य: कोपऱ्यातला पोरगा, मोबाइल वर धरलेला)

हा काकांचा नातू. "ठेव बे तो मोबाइल खाली, कान दिलेत की देवानं." ठेवला. मिनिटभरात परत उचलला.

(दृश्य: सुयांची पत्र्याची डबी, जवळून)

नव्या सुया मिळतात, ऑनलाइन मागवल्यात, पार्सल अजून आलं नाही. डबीत काका बोटानं मोजतायत. अकरा. आणि चादरींवर ठेवलेल्या प्लेटा तेवीस, दोन्ही बाजू धरल्या तर सेहेचाळीस गाणी. आता जे भांडण झालं ते आम्ही जवळपास पूर्ण ठेवलंय कारण या सगळ्या शूटिंगमध्ये आम्हाला तेच सगळ्यात जास्त आवडलं. अण्णांना दुसरी बाजू पाहिजे. कुणाला भावगीतच. मावशी हात वर करून बसल्यात, शाळेसारख्या. एकजण म्हणतोय झिजलेली सुई लावू, एकदा काय होतंय, त्याच्याकडं सगळे असे बघतायत.

शेवटी गावचा माणूस म्हणून राम जोशी निघाले. पेशवाईतला शाहीर, सोलापूरचा. त्याच्यावर 1947 ला पिक्चर आला, संगीत वसंत देसाईंचं, आणि त्याची 'सुंदरा मनामध्ये भरली' ही लावणी जयराम शिलेदारांच्या आवाजात लाखेवर चढली. यावर कोणाचंच काही म्हणणं नाही.

(दृश्य: जुनी सुई डबीबाहेर. नवी सुई. स्क्रू आवळणारी बोटं)

दहा उरल्या.

(सुई टेकते. खरखर. गाणं सुरू)