नाक वर करण्याआधी

(इंदुरात रामबागेतल्या एका घरगुती व्याख्यानमालेत केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्यात याच खोलीत अभंगांवर बोलणं झालं, आणि आज पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनवर होणार आहे. ज्यांनी हा बेत ठरवला त्यांच्या धाडसाला माझा दंडवत. माझी हयात पीथमपूरच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे हातवारे जास्त होतील आणि मधेमधे हिंदी येईल. इंदूरच्या मराठी माणसाला त्याचं नवल वाटू नये.

विषय निघाला भाच्यामुळे. त्यानं दुहेरी केबिनची पिकअप घेतली. पेढे घेऊन आला आणि पेढा माझ्या तोंडात असतानाच म्हणाला, "मामा, गाडी पुढून वाकलेली दिसते हो. लेव्हलिंग किट टाकायचंय." मी पेढा गिळला आणि म्हटलं, "ती वाकलेली नाही, तयार उभी आहे."

तुमच्यापैकी ज्यांनी बैलगाडी भरताना पाहिली असेल त्यांना हे चटकन कळेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. म्हणून जाणता गाडीवान थोडा दाब बैलांच्या मानेवर येईल असाच माल लावतो. पिकअप बनवणारा नेमकं हेच करतो. रिकामी असताना मागची बाजू मुद्दाम उंच ठेवतो, कारण मागे पाचशे किलो पडले की पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दबणार आणि गाडी सपाट होणार. आपल्याकडची इसुझूची व्ही-क्रॉस घ्या, टोयोटाची हायलक्स घ्या, दोन्हींना पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. पाट्यांना भाराची वाट बघायची सवय असते.

अमेरिकेत हजारो पिकअप आयुष्यभर रिकाम्याच फिरतात. तिथे लोकांना ते झुकलेलं नाक खुपलं, मोठे टायर बसवायची हौस आली, आणि पुढची बाजू दीड-दोन इंच उचलायच्या या किटचा धंदा उभा राहिला. हौस आपल्याकडेही आली. हौसेला मी नावं ठेवत नाही, मीही तरुणपणी स्कूटरला चार आरसे लावले होते.

आता हे किट म्हणजे काय? नाव भारदस्त आहे, वस्तू साधी. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवर स्प्रिंग चढवलेली असते, त्या सगळ्या जोडणीला स्ट्रट म्हणू. स्ट्रटचं डोकं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तीन नटांनी धरलेलं असतं. त्या डोक्यावर ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची एक चकती बसवायची, झालं किट. दुसऱ्या प्रकारात चकती स्प्रिंगच्याच वाटीत घालतात, पण त्यासाठी स्प्रिंग दाबून उघडावी लागते आणि गाडी पुढून कडक लागते. जुन्या गाड्यांत याहून सोपं होतं. 1998 ची पहिली टाटा सफारी आठवा. ती पिकअप नव्हती, पण तिला पुढे टॉर्शन बार होता, पिळाची लोखंडी कांब. एक बोल्ट आवळला की नाक वर. किती नाकं अशी वर गेली आणि किती जणांची कंबर गेली, देव जाणे.

गंमत अशी की चकती एक इंचाची असली तरी गाडी एक इंच उचलली जात नाही. ती जवळपास दोन इंच वर जाते. हे दार बघा. बिजागरी आणि कडी यांच्या मधोमध बोट ठेवून दार एक इंच ढकललं तर कडी दोन इंच सरकते. स्ट्रटचं खालचं टोक खालच्या आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी दांड्याच्या, टोकाला नसतं, कुठेतरी मधे असतं, आणि चाक मात्र टोकाला. "भिया, एक इंच तो कुछ भी नहीं," असं आमचा मिस्त्री म्हणाला, तेव्हा मी त्याला त्याच्याच गॅरेजचं दार दाखवलं. हसला. मग वीस मिलिमीटरची चकती निघाली, म्हणजे गाडी साधारण चाळीस मिलिमीटर वर.

कामाच्या आधीचं काम मात्र मी सोडू दिलं नाही. मोजमाप. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजायचं. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा हिशेबात घुसते आणि आकडा खोटा निघतो. उजवीकडे ड्रायव्हर बसतो, कुठे टाकी असते, कुठे बॅटरी, त्यामुळे दोन बाजू आधीच सारख्या नसतात. भाच्याच्या कोऱ्या गाडीत उजवी बाजू सात मिलिमीटर खाली होती. हे आधी लिहून ठेवलं नाही तर किट बसल्यावर चकतीला शिव्या. दुसरं, त्याच रात्री माझ्या घरासमोरच्या भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी केली, डिपर, म्हणजे हेडलाइटचा खालचा झोत, लावला, आणि उजेडाची वरची कड जिथे पडली तिथे कोळशानं रेघ मारली. भाचा म्हणाला, "मामा, याचा काय संबंध?" मी म्हटलं, "असू दे."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसलो. गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना उटी लावली, पुढून उचलून चासीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, ठेवल्या. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यातले सगळे आज भेटत नाहीत. चाकं काढली, लिंक रॉड सोडली, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर क्लिपेतून मोकळी केली. हे विसरलं तर आर्म खाली येताना सगळा भार त्या रबरी पाइपावर लोंबतो. मग वरच्या आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट सुटा केला, स्ट्रटचा खालचा बोल्ट काढला, वरचे तीन नट काढले.

इथे गॅरेजमधलं पोरगं पान्यानं मधला नट धरायला गेलं आणि मी स्टुलावरून ओरडलो. स्ट्रटच्या डोक्यावर कडेला तीन नट असतात आणि मधोमध एक मोठा. त्या मधल्यानं दाबलेली स्प्रिंग कोंडून धरलेली असते. तो नट सुटला तर स्प्रिंग तोंडावर येते. या कामात तुम्हाला दुसरं काहीही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, मधल्या नटाला हात नाही.

चकती बसली, स्ट्रट परत गेला, आणि मिस्त्रीनं चाकं हवेत असतानाच सगळे बोल्ट करकचून आवळायला घेतले. परत थांबवलं. आर्मच्या मुळाशी रबरी बुश असतो. आत लोखंडी नळी, बाहेर नळी, मधे चिकटवलेलं रबर. तो गरगर फिरत नाही, नुसता पिळला जातो. चाक लोंबकळत असताना तो आवळला तर ती लोंबकळण्याचीच त्याची आरामाची जागा ठरते, आणि गाडी जमिनीवर आली की रबर दिवसरात्र पिळलेलं. काही महिन्यांत चिरा पडतात, मग खडखडाट, मग "कंपनीचा माल खराब आहे". म्हणून बोल्ट हातानं टेकवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची, आणि मग टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्यानं, आवळायचं. किती ते त्या गाडीच्या पुस्तकात असतं, मिस्त्रीच्या दंडात नसतं.

पुढे अलाइनमेंट. आर्म खाली झुकले की चाकाचे कोन हलतात: कॅम्बर (चाक उभ्यात आत-बाहेर कलणं), कॅस्टर (चाक वळतं तो आस पुढे-मागे कलणं), टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं), तिन्ही. टो बिघडलेला असताना महिनाभर मानपूरच्या घाटानं ये-जा करा, टायरची कड आपोआप सांगेल. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, असेल तर पुढच्या ॲक्सलचे सांधे कायमचे जास्त वाकून फिरतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. चाळीस मिलिमीटरला बहुतेक गाड्या निभावतात. साठ-सत्तरला वरचा आर्मच बदलावा लागतो, आणि तिथून खर्चाला तळ नसतो.

एका काकूंनी चहाच्या वेळी विचारलं होतं, हे कायद्यात बसतं का? 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. आरसीवर नोंदलेला तपशील आणि कंपनीनं मूळ दिलेलं रूप यांत फरक पडेल असे फेरफार करू नयेत, असं ते सांगतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182अ मध्ये मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितलंय. भाचा म्हणाला, आरसीवर उंची कुठे लिहिलीय? वाद घालता येतो. पण तो अपघातानंतर विमावाल्यासमोर घालायचा असतो, आणि तेव्हा माणसाच्या आवाजात जोर नसतो. मी त्याला हे आधी सांगितलं होतं. "सगळे बसवतात, मामा."

गाडी दिसायला छान झाली, हे कबूल करतो. विजयनगरला चौघांनी फोटो काढले. मग कांद्याचा हंगाम आला. त्याच्या सासऱ्यांची शेती आहे, चोइथराम मंडीत कांदा न्यायचा होता. पोती भरली, त्यातली निम्मी मागच्या चाकांच्याही मागे. पाटे दबले, मागची बाजू बसली, नाक चढलं, आणि स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं. उलाळ. परतताना रात्री तो थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, वाटेत समोरचा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारत होता.

मी त्याला रिकामी गाडी त्याच भिंतीसमोर उभी करायला लावली. साडेसात मीटर, डिपर. हिशेब माझ्याकडे तयार होता: दोन धुऱ्यांत 3.1 मीटर अंतर आणि पुढून 40 मिलिमीटर वर, म्हणजे उजेड दर मीटरला 13 मिलिमीटर चढणार. डिपरचा झोत मुळात खाली झुकवलेला असतो तो साधारण दर मीटरला 10 मिलिमीटर. म्हणजे तो आता खाली जात नव्हता, किंचित वर चालला होता, समोरच्याच्या डोळ्यांत. आणि हे रिकाम्या गाडीचं, कांदे भरल्यावरचं वेगळंच. भाच्यानं अलाइनमेंटला पैसे दिले, टायर बघून घेतले, दिव्याचा झोत खाली आणणारा स्क्रू फिरवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

उजेडाची कड कोळशाच्या रेघेच्या वर पडली होती. त्यानं मधे हात लावून पाहिला, जवळजवळ वीतभर अंतर. बराच वेळ तो हात भिंतीवर तसाच ठेवून उभा राहिला. मग मला विचारलं, "मामा, घोड्या तुमच्याकडे आहेत की गॅरेजमधून आणू?"