नियमाचा फायदा मोजतात कसा? खरी गडबड बेसलाइनमध्ये असते

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: नवा नियम आला की सरकार सांगतं, अमुक कोटींचा फायदा, तमुक कोटींचा खर्च. हे आकडे येतात कुठून? की नुसतं हवेत काठी फिरवणं चाललेलं असतं?

हवेत काठी नसते. त्याची रीतसर पद्धत आहे, नियामक परिणाम मूल्यांकन, कार्यालयांत सगळे आरआयए म्हणतात. पायऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक असतील, म्हणून भरभर उरकू. अडचण नेमकी काय ते लिहायचं. पर्याय मांडायचे, त्यात ‘काहीच करायचं नाही’ हाही एक. प्रत्येक पर्यायाचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार, फायदा कोणाच्या पदरात पडणार, ते मोजायचं. मसुद्यावर लोकांचं म्हणणं मागवायचं. युरोपीय आयोग खुल्या विचारविनिमयाला साधारण 12 आठवडे देतो. मग अहवाल लिहिणाऱ्यांपेक्षा वेगळ्या कोणीतरी तो तपासायचा. अमेरिकेत हे काम 1980 मध्ये सुरू झालेलं ओआयआरए हे कार्यालय करतं, ब्रिटनमध्ये रेग्युलेटरी पॉलिसी कमिटी, युरोपीय आयोगात 2015 पासून रेग्युलेटरी स्क्रुटिनी बोर्ड. चिल्लर नियमांना एवढा सोपस्कार नसतो. अमेरिकेच्या 1993 च्या अध्यक्षीय आदेश क्रमांक 12866 नं रेघ ओढली ती वर्षाला 10 कोटी डॉलरच्या परिणामावर.

झालं. एवढं कुठेही वाचायला मिळतं. आता ज्या पायरीवर बहुतेक अहवाल घसरतात तिकडे येऊ. बेसलाइन.

बेसलाइन म्हणजे ‘आज काय आहे’ नव्हे. हे वाक्य पुन्हा ऐका, कारण कमेंटमध्ये दहातले नऊ जण हेच धरून बसतात. बेसलाइन म्हणजे हा नियम आलाच नसता तर पुढची दहा-वीस वर्षं काय झालं असतं. तुलना ‘आधी आणि नंतर’ची नाही, ‘नियमासह आणि नियमाविना’ची आहे.

उदाहरण घेऊ, आकडे समजुतीपुरते. समोर काही दिसलं की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा प्रत्येक नव्या ट्रकमध्ये सक्तीची करायची आहे. वर्षाला 1 लाख नवे ट्रक विकले जातात, एका यंत्रणेचा खर्च 50,000.

[स्क्रीनवर: 1,00,000 × 50,000 = 500 कोटी]

घाईतला हिशोब हा. पण 60 टक्के ट्रकमध्ये कंपन्या ती यंत्रणा आजही आपणहून बसवतायत. म्हणजे नियमामुळे वाढलेला खर्च उरलेल्या 40,000 ट्रकचाच, 200 कोटी. पुढे बघा. यंत्रणा दरवर्षी स्वस्त होतेय, विमा कंपन्या सवलत देतायत, त्यामुळे नियम नसतानाही दहा वर्षांत हे प्रमाण 90 टक्क्यांवर जाणार असेल, तर दहाव्या वर्षी नियमाच्या नावावर फक्त 10,000 ट्रक येतात. दर तोच धरला तरी 50 कोटी. बेसलाइन ही भिंतीवरची तसबीर नाही, ती दरवर्षी सरकते.

इथवर सगळे मान डोलावतात. लबाडी पुढच्या पानावर असते. खर्चाच्या तक्त्यात 40,000 ट्रक, कारण तिथे आकडा लहान हवा. आणि फायद्याच्या तक्त्यात? पूर्ण 1 लाख. समजा या 1 लाख ट्रकमधली यंत्रणा मिळून 500 मृत्यू टाळते. त्यातले 300 नियम नसता तरी टळणारच होते. नियमाचे 200. पण अहवाल 500 छापतो. याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. दर वेळी हे मुद्दाम होतं असंही नाही. खर्चाचा भाग एक गट लिहितो, फायद्याचा दुसरा, मध्ये चाळीस पानं, आणि दोन तक्ते शेजारी ठेवून कोणी बघत नाही. दोन्ही बाजूंना एकच बेसलाइन, यात तडजोड नाही.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं. जुना नियम आहे, पण तो कोणी पाळत नाही. मग बेसलाइन कोणती धरायची?

धुराड्यातून निघणाऱ्या प्रदूषणाची जुनी मर्यादा 50 आहे समजा. प्रत्यक्षात निघतंय 80. नवी मर्यादा येतेय 30. अहवाल म्हणणार, 80 वरून 30, म्हणजे 50 ची घट. थांबा. त्यातली 80 ते 50 ही घट जुन्या नियमानं आधीच करायला हवी होती. ते श्रेय नव्याला कसं देणार? म्हणून रूढ पद्धत अशी की जुने नियम पूर्ण पाळले जातायत असं बेसलाइनमध्ये धरायचं, आणि नव्याच्या नावावर फक्त 20 मांडायचे. पण तेवढ्यानं भागत नाही. तपासनीस तेवढेच, दंड तेवढाच, तर जे कारखाने 50 पाळत नव्हते ते 30 का पाळतील? प्रत्यक्षात 80 चे 70 झाले तरी खूप. म्हणून चांगला अहवाल हिशोब दोन्ही तऱ्हेनं करून दाखवतो, आणि तपासनिसांचा पगार खर्चात धरतो. हा पगार विसरला जाण्याचं प्रमाण बघून कपाळावर हात मारावासा वाटतो.

याचं खरं उदाहरण शिसेयुक्त पेट्रोलचं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, ईपीएनं, 1985 मध्ये नियम केला: गॅलनमागे 1.10 ग्रॅम शिसं चालत होतं, ते 1 जानेवारी 1986 पासून 0.10 ग्रॅम. आता बेसलाइन काय? शिसं तर आपोआपही कमी होत होतं. 1975 पासून नव्या गाड्यांत धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येऊ लागला होता, त्याला शिसेविरहित पेट्रोल लागतं, आणि जुन्या गाड्या भंगारात जात होत्या. पण अनेक चालक नव्या गाड्यांतही स्वस्त पडतं म्हणून शिसेयुक्त पेट्रोलच भरत होते. म्हणजे ‘नियम नसता तर काय’ याचं उत्तर लटकलं होतं पंपावरच्या या चोरट्या सवयीवर. विश्लेषकांनी एक आकडा ठोकून दिला नाही. ही सवय पूर्ण मोडेल, थोडी मोडेल, अजिबात मोडणार नाही, असे वेगवेगळे हिशोब केले. फायदे खर्चापेक्षा बरेच जास्त निघाले. आरआयए कसा असावा, याचं हे बऱ्यापैकी उदाहरण.

तिसरी बाजू: नियम लागू झाल्यानंतरचं मूल्यमापन. इथे तर वरातीमागून घोडं, पण तेही लंगडं. ‘नियमानंतर अपघात 15 टक्क्यांनी घटले, नियम यशस्वी’ असा निष्कर्ष काढतात. नियमाआधी ते दरवर्षी 10 टक्क्यांनी घटतच असतील तर? उलटंही होतं. अपघात वाढले म्हणून नियम फसला असं म्हणतात, पण त्या काळात वाहनं दीडपट झालेली असतात. अमेरिकेत आम्लवर्षा रोखण्यासाठी 1990 च्या कायद्यानं वीज केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा आणली, पहिला टप्पा 1995 ला सुरू झाला. उत्सर्जन घटलं, खर्च अंदाजापेक्षा कमी आला. सगळं श्रेय कायद्याला आणि त्यानं केंद्रांना दिलेल्या उत्सर्जनाच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीला? नाही. 1980 मध्ये रेल्वेवरचे दरनिर्बंध सैल झाले होते, वायोमिंगचा कमी गंधकाचा कोळसा दूरवर स्वस्तात पोचू लागला होता, आणि काही केंद्रं तो केवळ परवडतो म्हणून घेत होती. तेवढी घट बेसलाइनची. उरलेली कायद्याची, आणि तीही मोठीच होती.

बरं, कमेंटमधला संताप. ‘माणसाच्या जिवाला किंमत लावतात, लाज वाटत नाही का?’ असं बऱ्याच जणांनी विचारलंय. अहो, कोणा एका माणसाची किंमत कोणी लावत नाही. 1 लाख लोकांचा मृत्यूचा धोका प्रत्येकी लाखात एकानं कमी होणार आहे, आणि त्यासाठी प्रत्येक जण 100 मोजायला तयार आहे. एकूण 1 कोटी, आणि सरासरी एक मृत्यू टळतो. या 1 कोटीला सांख्यिकीय जीवनमूल्य म्हणतात. ईपीए हे मूल्य 2006 च्या डॉलरमध्ये 74 लाख डॉलर धरत आली आहे. आणि किंमत लावली नाही तर काय होतं? हिशोबात ती शून्य धरली जाते. संताप त्यावर करा.

सवलत दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर, यावर वेगळा व्हिडिओ हवा, इथे एवढंच: 20 वर्षांनी मिळणारे 100 आज किती? 3 टक्क्यांनी 55, 7 टक्क्यांनी 26. असे हिशोब कसे करायचे ते सांगणाऱ्या अमेरिकेच्या 2003 च्या ए-4 परिपत्रकात हे दोन्ही दर आहेत, ब्रिटनची तशीच सरकारी मार्गदर्शिका, ग्रीन बुक, 3.5 टक्के धरते. हवामानबदलासारखा फायदा लांबचा असेल तर दर निवडला की निकाल जवळजवळ ठरलाच.

तर अहवाल हाती आला की सारांश वाचू नका. फाइलमध्ये थेट ‘बेसलाइन’ शब्द शोधा. ‘सद्यस्थिती कायम राहील असे गृहीत धरले आहे’ असं एका वाक्यात उरकलेलं सापडलं, की पेन्सिल काढा. मग खर्चाचा आणि फायद्याचा तक्ता शेजारी ठेवून वाहनं, कारखाने, माणसं, जे मोजलंय त्याची संख्या जुळवा. जुळली नाही तर मसुद्यावर हरकत नोंदवताना ‘आमचा तीव्र विरोध’ लिहिण्यात वेळ घालवू नका. अशा हजार पत्रांची एका ओळीत बोळवण होते. लिहा: खर्चाच्या तक्त्यात 40,000 ट्रक आहेत, फायद्याच्या तक्त्यात 1 लाख, फरकाचं कारण द्यावं. तक्त्यांचे क्रमांक आणि पान क्रमांक टाका. अमेरिकेत तर महत्त्वाच्या हरकतींना अंतिम नियमासोबत उत्तर द्यावं लागतं, आणि ते दिलं नाही तर नियम न्यायालयात अडकू शकतो.