साखळीचं रिकामं टोक

(दृश्य: जयगडची खाडी, पहाट. पाणी स्थिर. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, वाकलेला माणूस, वर येणारी साखळी.)

त्या दिवशी आम्ही साडेसहाला नांगर उचलायला घेतला. पाणी सहा मीटर होतं, वारा जवळजवळ नव्हताच. साखळी खडखडत वर येत होती आणि मी नाळेवर वाकून बघत होतो. दहा मीटर, वीस मीटर, तीस मीटर. शेवटची कडी पाण्याबाहेर आली तर तिला काहीच नव्हतं. नांगर नव्हता, त्याला साखळीशी जोडणारा शॅकलही नव्हता. चिखल माखलेली नुसती कडी पाण्यावर हेलकावत होती.

रात्रभर आम्ही दोघं भाऊ त्या साखळीच्या वजनावर झोपलो होतो. वारा पडलेला होता, म्हणून निभावलं. तो उठला असता, तर आमच्या मागे कातळ होता.

(दृश्य: कुपवाड एमआयडीसी. शेडचं शटर वर जातं. लेथ, ग्राइंडर, भिंतीला टेकवलेल्या प्लेटा.)

मी सांगलीचा. कुपवाडला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. डेअरीच्या टाक्या, साखर कारखान्यांची किरकोळ दुरुस्ती, असली कामं. समुद्र आमच्यापासून लांब आहे. कोल्हापूरवरून आंबा घाट उतरायचा, साखरपा मागे टाकायचं, तेव्हा रत्नागिरी येते. पण माझ्या मावसभावानं, दादानं, एक जुनी छत्तीस फुटी शिडाची बोट बघितली आणि आम्ही ती दोघांत घेतली. शीड, डोलकाठी, इंजिन हे सगळं आम्ही वर्षभर घासून-पुसून नीट केलं. नांगर मात्र जसा मिळाला तसाच ठेवला. नाळेवर लटकलेलं लोखंड, त्यात काय बघायचं, असं वाटायचं.

त्या पहाटेला काय झालं होतं ते नंतर कळलं. काही मोडलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं. बोट वाऱ्यासोबत आणि भरती-ओहोटीसोबत रात्रभर फिरत असते. साखळीला पीळ बसतो, सुटतो, पुन्हा बसतो. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलची पिन आट्यांची असते, आणि ती या हिसक्यांनी हळूहळू फिरत जाते. म्हणूनच त्या पिनेच्या डोक्याला भोक ठेवलेलं असतं. त्यातून तार ओवायची आणि शॅकलच्या अंगाला पिळून टाकायची. दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नव्हतं. उभा जन्म आट्यांची कामं केली, सैल होणारा बोल्ट ओळखून लॉकनट लावायला पोरांना शिकवलं, आणि ज्या एका पिनेवर दोन जीव होते ती तशीच ठेवली. ते मला अजून बोचतं. ही फिल्म करण्याचं कारणही तेच.

(दृश्य: किर्लोस्करवाडी स्टेशनची पाटी. शेतात चालणारा नांगर, फाळ मातीत शिरताना.)

नवा नांगर घ्यायचा ठरलं, तेव्हा मी पहिल्यांदा त्या शब्दाकडे नीट बघितलं. शेतातला तो नांगर आणि बोटीचाही नांगरच. गलबत बंदरात उभं केलं की ‘नांगरलं’ म्हणायचं. आमच्या जिल्ह्याला नांगर काही नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर, औंध संस्थानाच्या हद्दीत, कारखाना उभारला तो लोखंडी नांगरांसाठीच. लोखंडाच्या फाळानं जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. ती निघायला वेळ लागला.

इंग्लंडमध्ये 1933 साली जेफ्री टेलर नावाच्या शास्त्रज्ञानं बोटीसाठी एक नांगर काढला. त्यालाही स्वतःची शिडाची बोट होती. त्या नांगराचं डोकं म्हणजे दोन नांगरांचे फाळ पाठीला पाठ लावून जोडल्यासारखं, आणि दांड्याला बिजागरी. त्याला सी.क्यू.आर. म्हणतात. ही अक्षरं भरभर म्हणून बघा, ‘सिक्युअर’ ऐकू येतं. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या बोटींच्या नाळेवर हाच नांगर दिसायचा. आमचा हरवलेला नांगरही त्याच जातीचा होता.

पण शेतातल्या नांगराचं काम मातीत शिरून पुढे सरकायचं. बोटीच्या नांगराचं काम मातीत शिरून तिथंच बसायचं. आकार तोच आणि काम उलटं, हे मला खटकत होतं. म्हणून आम्ही ते मातीत बघायचं ठरवलं.

(दृश्य: हरिपूरजवळ कृष्णाकाठची मळी. पावसानंतरची ओली जमीन. ट्रॅक्टर, लांब दोर.)

रत्नागिरीहून एक जुना सी.क्यू.आर. उसना आणला. शेजारी ठेवला नवीन पद्धतीचा नांगर, वीस किलोचा, दुकानदाराला सांगून परत करण्याच्या बोलीवर आणलेला. ओळखीच्या एकांची नदीकाठी मळीची जमीन आहे. नुकताच पाऊस होऊन गेला होता, माती मऊ होती. समुद्राचा तळ आणि ही मळी एक नव्हे, ते मला माहीत आहे. इथून कुठला आकडा काढायचा नव्हता. लोखंड मातीत कसं वागतं, तेवढं डोळ्यांनी बघायचं होतं.

आधी जुना. दोर लांब सोडला, जमिनीलगत ठेवला, ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये. नांगर आडवा झाला, कलला, टोक घुसलं. वाटलं, बसला. ट्रॅक्टरनं जोर वाढवला तसा तो त्याच खोलीवर, त्याच चालीनं निघाला. मागे सरळ, सुबक तास उमटत गेलं. बांधावर उभे असलेले शेतमालक ओरडले, “आरं, हे तर नांगराय लागलंय!”

मग नवा. याचा फाळ पाठीला पाठ लावल्यासारखा नाही, फावड्यासारखा खोलगट आहे. टोक जड आणि धारदार. दोर ताणला तसा तो हातभरही सरकला नाही, खाली गेला. ट्रॅक्टर ओढत होता आणि नांगर दिसेनासा होत होता. शेवटी दांड्याचं टोक तेवढं वर राहिलं आणि ट्रॅक्टरची मागची चाकं जागीच फिरायला लागली.

तिसऱ्या खेपेला नांगर हाच, जमीन हीच. फक्त दोर आखूड केला आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला उंचावर बांधला. ओढ तिरकी वर गेली. नांगर एका झटक्यात ढेकळासकट बाहेर आला.

दादा बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत उभा होता. मग म्हणाला, “म्हणजे धरते ती माती. आपण तिला फक्त आडवं ओढायचं.”

(दृश्य: वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं काढलेली बोट, तळ आणि साखळीची रेघ.)

ओढ आडवी राहायची तर साखळी लांब हवी. किती लांब, इथं हिशेब चुकतो आणि बहुतेकांचा एकाच जागी चुकतो. ओहोटीला पाच मीटर पाणी आहे, पाचपट साखळी सोडायची, म्हणजे पंचवीस मीटर, असं आपण म्हणतो. पण भरती दोन मीटर चढणार आहे. शिवाय साखळी पाण्यातून सुरू होत नाही, नाळेवरच्या रोलरवरून सुरू होते आणि तो पाण्यापासून मीटरभर वर आहे. खरी उंची झाली आठ मीटर. आठाच्या पाचपट चाळीस. पंचवीस सोडले असतील, तर उधाणाच्या भरतीला तुम्ही तिपटीवर आलात, म्हणजे ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला बांधलेल्या दोराच्या वाटेवर. वारा वाढणार असेल तर सातपट धरा, छप्पन्न मीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा दाब चौपट होतो, हे लक्षात ठेवायचं.

म्हणून आम्ही साठ मीटर साखळी घेतली. जाडी 8 मिलिमीटर की 10, यावर दादाचं आणि माझं वाजलं. त्याला 10 ची हवी होती. पण 8 ची साखळी मीटरला साधारण दीड किलो भरते, 10 ची सव्वादोन किलोच्या आसपास. साठ मीटरला फरक पन्नास किलोच्या जवळ जातो, आणि ते वजन बसणार कुठे? नाळेत. नाळ जड झाली की बोट लाटेवर उठत नाही, लाटेत घुसते. चांगल्या प्रतीची, जस्त चढवलेली 8 ची साखळी आमच्या बोटीला पुरेशी आहे. वाचलेलं वजन नांगरात घालावं, असं माझं मत. बोटीच्या लांबीप्रमाणे तक्ता जो नांगर सांगतो, त्याच्या वरचा आम्ही घेतला.

साखळी घेताना एक गोष्ट जपा. तिच्या कड्या साखळी ओढणाऱ्या विंचच्या खाचांत अचूक बसायला हव्यात. 10 मिलिमीटरच्या साखळीत दोन मापं चालतात, एकीच्या कडीचं अंतर 28 मिलिमीटर आणि दुसरीचं 30. हातात घेतल्या तर सारख्याच वाटतात. विंचवर चढवली की चुकीची साखळी उड्या मारते, आणि नेमकी भार आला की सुटते. व्हर्नियरनं मापूनच घ्या.

बाकीच्या जातींबद्दल थोडक्यात. चपटा, दुमडणारा डॅनफोर्थ वाळूत फार छान धरतो आणि वजनाला हलका आहे, पण वारा फिरला की निसटून पुन्हा न रुतण्याची भीती असते. आमच्याकडे तो दुसरा नांगर म्हणून आहे. ब्रूस तीन बोटांच्या पंजासारखा. उत्तर समुद्रातल्या तेलाच्या कामातून तो बोटींवर आला. पटकन बसतो, पण त्याच वजनात धरतो कमी. कोकणातल्या मच्छीमारांचा चार आकड्यांचा नांगर खडकाळ तळावर उपयोगी, वाळूत त्याला पकडायला काही मिळत नाही.

(दृश्य: प्लायवूडचा कापलेला नांगर गाडीच्या टपावर. आंबा घाटातली वळणं. रत्नागिरी, बोटीची नाळ.)

नव्या नांगरांपैकी काहींच्या पाठीवर लोखंडी कमान असते. नांगर उलटा पडला तर ती त्याला लोळवून टोकावर आणते. मला तोच हवा होता. पण घ्यायच्या आधी मी कंपनीच्या ड्रॉइंगवरून त्याचा पूर्ण मापाचा साचा प्लायवूडमध्ये कापला, टपावर बांधला आणि रत्नागिरीला नेला. नाळेवर ठेवून बघितला, तर कमान थेट पुढच्या शिडाच्या गुंडाळीच्या ड्रमला आपटत होती. एका प्लायच्या तुकड्यानं मोठी चूक वाचवली. मग कमान नसलेला, टोकात जास्त वजन असलेला नांगर निवडला. मळीत आजमावला तो हाच.

नाळेवरचा रोलर मी स्वतः बनवला. जुन्याच्या बाजूच्या पट्ट्या तीन मिलिमीटरच्या होत्या आणि एका अंगाला वाकल्या होत्या. बोट सरळ ओढत नाही, डावी-उजवीकडे झोले घेते, आणि तो सगळा भार या पट्ट्यांवर आडवा येतो. मी सहा मिलिमीटरची प्लेट घेतली. आमच्याकडे डेअरीच्या कामाला 304 प्रतीचं स्टेनलेस चालतं. खाऱ्या हवेत ते तपकिरी डाग धरतं आणि खड्डे पडायला लागतात. समुद्रावर 316 च हवं, त्यात मॉलिब्डेनम असतं. पट्ट्यांच्या वरच्या कडा बाहेर वळवून ग्राइंडरनं गोल केल्या, बोटानं चाचपून. धार राहिली तर दोर कापला जातो. डेकखाली बोल्टांना नुसते वॉशर न लावता अख्खी प्लेट दिली, म्हणजे ओढ फायबरच्या चार भोकांवर न येता पसरते.

विंच नांगर उचलायला आहे, बोट धरून ठेवायला नाही, हे मला उशिरा समजलं. नांगर बसला की आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर साखळीला आकड्यानं अडकवायचा, डेकवरच्या खुंटाला बांधायचा आणि साखळी थोडी सैल सोडायची. आता भार नायलॉनवर. नायलॉन ताणतो, लाटेचा हिसका पिऊन टाकतो. आणि साखळीचं आतलं टोक बोटीला शॅकलनं अडकवू नका. तिथं दोर बांधा, डेकवर येईल एवढा लांब. कधी सगळं सोडून निघायची वेळ आली, तर सुरीनं तो एका झटक्यात कापता आला पाहिजे.

(दृश्य: वर्कशॉपचं बाकडं. अगदी जवळून: शॅकल, पिन, तार, पक्कड.)

शॅकल 10 मिलिमीटरचा. अंगावर किती भार पेलतो ते कोरलेलं आहे. तसं काही कोरलेलं नसलेले शॅकल बाजारात स्वस्त मिळतात, ते आता मी हातात घेत नाही. पिनेला ग्रीस, पक्कडीनं घट्ट, मग भोकातून तार. एक वेढा, दोन, तीन, शॅकलच्या अंगाभोवती. टोकं पिळायची, कापायची, आणि हाताला लागू नयेत म्हणून आत दाबायची. हे काम मी पोरांना दिलं नाही.

(दृश्य: पुन्हा जयगड. संध्याकाळ. दिवे लागताहेत.)

पाच मीटर पाणी. नाळ वाऱ्यात. नांगर तळाला लागेपर्यंत हळू सोडला, मग बोट मागे जाऊ दिली, साखळी तळावर ढीग न होता आडवी पडत गेली. चाळीस मीटरवर थांबलो. दादानं इंजिन मागच्या गिअरमध्ये टाकलं, आधी हळू, मग जोर वाढवत. मी नाळेवर बसून साखळीवर तळहात ठेवला. नांगर घसरत असला की साखळी हाताखाली थरथरते, खडबडीत रस्त्यावरच्या स्टिअरिंगसारखी. दादानं विचारलं, “काय म्हणतोय?” साखळी ताठ होती आणि गप्प होती. किनाऱ्यावरचा एक माड आणि मागच्या घराचा कोपरा एका रेषेत धरून ठेवले. रात्री दोनला उठून बघितले, बॅटरी मारून. रेष तीच होती.

सकाळी साखळी वर यायला लागली, तेव्हा आम्ही दोघंही नाळेवर होतो. शेवटचे पाच मीटर दादानं विंच थांबवत थांबवत घेतले. आधी पाणी काळं झालं, मग नांगर आला. फाळावर टोपलीभर काळा चिखल घट्ट बसला होता, अगदी आमच्या काळ्या रानासारखा. दादा बादलीनं पाणी ओतून तो धुवायला लागला. मी शॅकल शोधला, चिखल अंगठ्यानं पुसला. तारेचे तिन्ही वेढे जागेवर होते.